ग्राफिक्स कार्ड नसलेला छोटा पीसी: रॅम आणि मदरबोर्डची जोडी कशी जमवावी

टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल एवढा पीसी हवा, ग्राफिक्स कार्डावर पैसे घालायचे नाहीत, पण पोरांना संध्याकाळी तासभर गेम खेळता आला पाहिजे. आमच्या घरची मागणी एवढीच होती. अशा पीसीत ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे एखादा भाग मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, करायचं म्हटलं की माणूस आधी प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झमागे धावतो. मीही धावलो. तिथं गरम हवेपलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. जे मिळालं ते रॅममधून मिळालं.

प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते आणि प्रोसेसर एकाच ताटात जेवतात आणि ते ताट म्हणजे तुमची रॅम. हिशोब तोंडी करता येतो. रॅमचे दोन चॅनेल, प्रत्येकी ६४ बिटांचे, म्हणजे एका खेपेला १६ बाइट. रॅम ४८०० ची, म्हणजे सेकंदाला ४८०० दशलक्ष खेपांची, असेल तर सेकंदाला ७६.८ जीबी, ६००० ची असेल तर ९६ जीबी. थेट सव्वापट. आणि ‘सध्या एकच स्टिक घेऊ, दुसरी दिवाळीत’ असं केलंत तर ६००० ची रॅमही ४८ जीबीवर येते, म्हणजे साध्या ४८०० च्या जोडीपेक्षा कितीतरी मागे. गेममधला वेग नेमका सव्वापट वाढत नाही, पण अडखळणारा गेम सरळ चालायला लागतो एवढा फरक नक्की पडतो.

खाली जे सांगतोय ते एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), रायझन ५ ८६००जी किंवा रायझन ७ ८७००जी धरून. दोन्ही जानेवारी २०२४ मध्ये आले, दोन्ही ६५ वॅटचे, दोन्हींत बऱ्यापैकी दमदार ग्राफिक्स आहे. ८७००जी मध्ये १२ ग्राफिक्स युनिट, ८६००जी मध्ये ८. माझ्याकडे ८६००जी आहे.

आधी बोर्ड

एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, त्यामुळे जुनी डीडीआर४ रॅम वापरायचा मोह इथंच संपतो. पिनांची संख्या दोन्हीकडे २८८ च आहे, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

छोटा पीसी म्हणजे बहुतेक वेळा मिनी-आयटीएक्स बोर्ड, १७० बाय १७० मिलिमीटर. लोक त्याकडे जरा दयेनं बघतात: दोनच रॅम स्लॉट, एकच मोठा पीसीआय स्लॉट. पण रॅम पळवायची असेल तर दोन स्लॉट हीच त्याची जमेची बाजू. चार स्लॉटच्या बोर्डावर एका चॅनेलच्या तारा दोन स्लॉटांना जोडलेल्या असतात. त्यातला एक रिकामा ठेवला तरी त्याची तार तिथंच असते, बंद गल्लीसारखी. सिग्नल त्या गल्लीत शिरतो, भिंतीवर आपटून परततो आणि मुख्य रस्त्यावर गोंधळ घालतो. वेग कमी असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. वेग वाढला की हाच गोंधळ चुका होऊन बाहेर पडतो. दोन स्लॉटच्या बोर्डावर गल्लीच नाही, आणि प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचं अंतरही कमी. म्हणून रॅमसाठी लहान बोर्ड मोठ्यापेक्षा उजवा पडतो.

कॅबिनेट थोडं मोठं चालणार असेल तर मायक्रो-एटीएक्समध्येही दोन स्लॉटचे स्वस्त बोर्ड मिळतात. एएसरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ हा त्यातला एक. दिसायला अगदी साधा, पण रॅमच्या बाबतीत नाव कमावलेला. चार स्लॉटचा बोर्ड आधीच घरात असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये रॅम लावा, आणि चारही भरू नका. चार स्टिक लावल्या की एएमडी स्वतःच अधिकृत वेग ३६०० वर आणते.

आता चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपचं, सांगतो. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, रॅम होते. बी६५० वर दोन्ही होतं. रॅमपुरतं पाहिलं तर बी६५० च्या वर जायचं कारण नाही. नावात ‘ई’ लागलेले बोर्ड पीसीआय ५.० साठी जास्त पैसे मागतात, आणि ८६००जी-८७००जी हे प्रोसेसर पीसीआय ४.० चेच आहेत. ग्राफिक्स स्लॉटलाही ते आठच लेन (डेटाच्या वाटा) देतात. तो पैसा वाया. तीच गोष्ट वीजपुरवठ्याच्या फेजांची. दुकानदार ‘दहा अधिक दोन फेज’ म्हणून बोर्ड गळ्यात मारतो; ६५ वॅटच्या प्रोसेसरला, जो जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, त्याची गरज नाही. पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा पक्का बेत असेल तर गोष्ट वेगळी.

या तीन गोष्टींवर मात्र हटून बसा:

बायॉस (पीसी सुरू करणारं, बोर्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण हवं. बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, ८००० मालिका (आपले ८६००जी-८७००जी) २०२४ मध्ये. दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायॉस असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखणारच नाही. फ्लॅशबॅक असेल तर नुसत्या पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न ओळखताही, बायॉस बदलता येतो.

सीएमओएस क्लिअर करायला, म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळपदावर आणायला, सोपी जागा हवी. रॅम ओव्हरक्लॉक करताना पीसी चालूच होत नाही असं निदान पाच-सहा वेळा होणार. दर वेळी कॅबिनेट उघडून, कूलरखाली हात घालून पिना शोधायच्या म्हणजे शिक्षा. मागच्या बाजूला बटण असलेला बोर्ड मिळाला तर चार पैसे जास्त द्या.

आणि डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, छोटा दिवा. बोर्डावरच्या चार दिव्यांपैकी कुठला पेटून थांबला यावरून बिघाड कुठं आहे ते कळतं.

इंटेलवाल्यांसाठी दोन ओळी: बी७६० वर रॅम ओव्हरक्लॉक होते, एच६१० वर होत नाही. आणि बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही जातींत, जवळपास एकाच नावानं विकले जातात. खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

मग रॅम

खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं, पण ती रॅम मुळात तेवढ्या वेगानं चालूच होत नाही. ती आधी आपल्या मूळ प्रमाणित वेगावर, ४८०० किंवा तत्सम, १.१ व्होल्टवर उठते. ६००० चा वेग, त्याची टायमिंग (कुठल्या कामाला किती ठोके थांबायचं ते आकडे) आणि १.३५ व्होल्ट ही सगळी कुंडली रॅमवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. एएमडीसाठी तिचं नाव एक्सपो, इंटेलसाठी एक्सएमपी. एएम५ ला एक्सपोवाली रॅम घ्या. एक्सएमपीवालीही बहुधा चालते, पण तिथं बोर्ड अंदाजानं काही आकडे भरतो, आणि अंदाज चुकला की निस्तरायचं तुम्हालाच.

वेग किती? ६०००. या प्रोसेसरांत मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, रॅमच्या बरोबरीनं, एकास एक, पळावा लागतो. ६००० वर तो सहसा कुरकुर न करता पळतो. ६४०० वर तुमच्या वाट्याला आलेला प्रोसेसर कसा निघाला यावर सगळं अवलंबून. त्याच्या वर गेलात की बोर्ड गुपचूप कंट्रोलरचा वेग अर्धा करतो, आणि मग ६८०० ची महागडी रॅम रोजच्या कामात ६००० च्या मागे पडू शकते.

सीएल, म्हणजे मागितलेला डेटा हाती यायला लागणारे ठोके, हा आकडा एकटा वाचू नका, वेगाशी भागून वाचा. सीएलला २००० नं गुणा, रॅमच्या वेगानं भागा, नॅनोसेकंद मिळतात. ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० ला सीएल ३६ म्हणजे १२. ५२०० ला सीएल ४० म्हणजे १५ च्या वर. जुन्या डीडीआर४ ची ३२०० सीएल १६ सुद्धा १० च! म्हणून ‘डीडीआर५ चा सीएल दुप्पट आहे हो, फसवणूक आहे’ असं म्हणणाऱ्या काकांना हा भागाकार करून दाखवा.

क्षमता: १६ च्या दोन. ८ च्या दोन घेऊ नका, आणि कारण फक्त जागेचं नाही. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चारच रुंद चिपा असतात, त्यांत बँकांचे (चिपेच्या आतल्या कप्प्यांचे) गट निम्मेच, त्यामुळे त्याच आकड्यावरही ती संथ पडते. शिवाय ग्राफिक्स आपला वाटा याच रॅममधून कापून घेणार. आणि स्लॉट दोनच आहेत. नंतर वाढवायची म्हणजे जुनी काढून फेकायची. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या चढल्या आहेत, ते पाहता ही चूक फार महाग पडेल.

जोडी एकाच पाकिटातली हवी. इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात जोडी नव्हती, तर दुकानदारानं एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन सुट्या स्टिक दिल्या. ‘सेम टू सेम आहे, साहेब.’ वरचं लेबल सेम होतं. आतल्या चिपा दोन वेगळ्या कारखान्यांच्या निघाल्या. ५६०० च्या वर दोघींचं कधी पटलंच नाही. कंपन्या तेच मॉडेल ठेवून आतली चिप बदलतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एसके हायनिक्सच्या चिपा ओव्हरक्लॉकला सगळ्यांत चांगल्या मानल्या जातात, आणि ६००० सीएल ३० च्या जोड्यांत बहुतेक त्याच असतात.

आता मॉडेल नंबर वाचायला शिका, कारण बोर्डाच्या सुसंगत रॅमच्या यादीत तोच शोधायचा असतो. उदाहरण म्हणून जी.स्किलचा एक नंबर घेऊ: एफ५-६०००जे३०३८एफ१६जीएक्स२-एफएक्स५. एफ५ म्हणजे डीडीआर५. ६००० वेग. ३०३८ म्हणजे टायमिंगचे पहिले दोन आकडे, ३० आणि ३८. १६जी म्हणजे एका स्टिकची क्षमता, एक्स२ म्हणजे पाकिटात दोन. शेवटचं एफएक्स५ हे मालिकेचं नाव, फ्लेअर एक्स५. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर ही यादी प्रोसेसरच्या मालिकेनुसार वेगवेगळी असू शकते. ८००० जी ची यादी उघडली आहे ना, ते बघा. ७००० च्या यादीत नाव आहे म्हणून इथंही चालेल असं गृहीत धरू नका. यादीत नसलेली रॅम चालतच नाही असंही नाही. पण यादीतली चालली नाही तर दुकानदाराशी भांडायला कागद असतो.

उंची मोजा

चमचमणाऱ्या रॅम ४२-४४ मिलिमीटर उंच असतात, साध्या पट्टीवाल्या ३३-३५. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या डब्यात १२० मिलिमीटरचा आडवा पंखा असलेला कूलर थेट रॅमच्या डोक्यावर येतो. मी दिवेवाली ४४ ची जोडी घेतली, कूलर वर ठेवला आणि तो एका बाजूला तिरका, एखाद्या पाय मोडलेल्या स्टुलासारखा बसला. स्क्रू चार, पण दोनच लागत होते. शेवटी ती जोडी पोराच्या मित्राला विकली.

कूलर ऑर्डर करण्याआधी त्याच्या पानावर रॅमसाठी किती जागा सोडली आहे तो आकडा शोधा. ८६००जी सोबत खोक्यात येणारा कूलर ५४ मिलिमीटर उंच आहे आणि रॅमच्या आड येत नाही. त्याहून बुटका हवा असेल तर नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटरचा आहे, तोही सॉकेटच्या चौकटीतच राहतो.

वरून खाली वारा मारणारा कूलर घ्या. त्याचा वारा जाता जाता रॅमवरही येतो. उभ्या टॉवर कूलरमध्ये रॅमला वाऱ्याची झुळूकही लागत नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते मला एप्रिलमध्ये कळलं.

पहिल्यांदा चालू करताना

बायॉस आधी बदला, बाकी सगळं नंतर. आणि यूपीएसवर बदला. मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो.

पहिल्यांदा चालू केलं की पडदा काळा. पंखे फिरतात, डीरॅमचा दिवा पेटलेला, काहीच होत नाही. दोन मिनिटं, चार मिनिटं, कधी त्याहून जास्त. हे ‘ट्रेनिंग’ आहे: बोर्ड रॅमशी बोलून प्रत्येक तारेची वेळ जुळवत असतो. घाबरून बटण दाबलंत की पहिल्यापासून सुरू. चहा करून या.

मग बायॉसमध्ये जा आणि एक्सपो चालू करा. तिथंच न थांबता चार आकडे स्वतः बघा. मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं, एकास एक आहे ना. इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा रस्ता) २००० वर ठेवा. या प्रोसेसरांत ते अजून वर जातं, पण ते नंतर. रॅमचा व्होल्टेज पाकिटावर लिहिलाय तेवढाच आहे ना. आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारा): एक्सपो चालू केलं की काही बोर्ड तो स्वतःहून वाढवतात. तो हातानं १.२० ते १.२५ च्या मध्ये बांधा. १.३० च्या वर कधीच नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या, तेव्हा एएमडीनं बायॉसमधूनच ही १.३० ची मर्यादा घातली. एक्सपो सुरू करणं एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि त्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

बायॉसमधल्या ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’मुळे दर वेळचं ट्रेनिंग टळतं आणि पीसी झटकन उठतो. चाचण्या संपेपर्यंत ते बंद ठेवा, नाहीतर जुनं ट्रेनिंग घेऊन पीसी उठतो आणि दोष कशाचा तेच कळत नाही.

अमरावतीच्या भाच्यानं एवढं सगळं केलं, रॅमचा वेग दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं आणि रात्री साडेअकराला फोन केला. ‘मामा, गंडवलं दुकानवाल्यानं. सहा हजाराची म्हणून दिली, सीपीयू-झेडमध्ये तीन हजार दाखवतंय.’ मी विचारलं, नेमके किती? ‘दोन हजार नऊशे पंच्याण्णव.’ झोप म्हटलं शांतपणे. डीडीआरमधला पहिला डी म्हणजेच डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोन खेपा होतात, म्हणून ३००० चा ठोका आणि ६००० खेपा.

चाचणी, आणि मग उन्हाळ्यातली चाचणी

विंडोज टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा, निदान एक पूर्ण फेरी. अस्थिर रॅमवर विंडोज टाकलंत तर ती फाइली लिहितानाच बिघडवते, आणि महिन्याभरानं कुठल्याशा फोटोत आडव्या रेषा दिसतात. त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी ही तसलीच सॉफ्टवेअरं तासभर. एकही चूक चालत नाही. ‘एकच तर एरर आली’ असं काही नसतं. डीडीआर५ च्या चिपा आतल्या आत काही चुका स्वतःच दुरुस्त करतात. तरीही एक चूक बाहेर आली, याचा अर्थ आत बरंच काही चाललेलं असतं.

चूक आली तर हा क्रम धरा: आधी फॅब्रिक थोडं खाली, मग वेग ५६००, आणि तरीही नाही जमलं तर टायमिंग सैल. एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज वाढवणं सगळ्यांत शेवटी.

सगळं डिसेंबरात पार पडलं. नागपूरची थंडी, खोलीत १८ अंश, रॅम ४० च्या आसपास. मला चेव आला आणि मी टीआरईएफआय हा आकडा ६५५३५ करून टाकला. रॅमचा प्रत्येक बिट एका इवल्याशा भांड्यात साठवलेला विजेचा थेंब असतो, आणि भांडं गळकं असतं. म्हणून ते सतत पुन्हा भरावं लागतं. टीआरईएफआय म्हणजे दोन भरण्यांमधलं अंतर. ६००० वर मूळ आकडा ११७०० च्या जवळपास, म्हणजे ३.९ मायक्रोसेकंद. ६५५३५ म्हणजे जवळजवळ २२. भरण्यात कमी वेळ जातो, वेग वाढतो, आकडे छान दिसतात.

गरम झालं की भांडं जास्त गळतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर ४३, टीव्हीखालचा कप्पा बंद, पोरगं गेम खेळतंय, आणि पीसी दर वीस मिनिटांनी बंद. आमच्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला, वाळ्याच्या पडद्यांचा. तो लावला तेवढा वेळ पीसी नीट चालायचा, आणि म्हणून मी आठवडाभर दोष एसएमपीएसला (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) देत बसलो. शेवटी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, तो पाहायचं मला सुचलंच नव्हतं. रॅम ६३ अंशांवर होती. टीआरईएफआय ३०००० वर आणला, कप्प्याचं मागचं प्लायवूड कापून भोक पाडलं, रॅम ५४ वर आली. तेव्हापासून एकही चूक नाही.

म्हणून चाचणी करताना रॅम एकटी ताणू नका. ओसीसीटीत मेमरी आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम चालवा, कॅबिनेट बंद करून, ज्या कप्प्यात ठेवणार त्याच कप्प्यात, भर दुपारी. थंडीत पीसी बांधत असाल तर खोलीचं दार लावून हीटर लावा आणि मग चाचणी घ्या. घरातली माणसं काय म्हणतील ते म्हणोत.

सगळं जमल्यावर बायॉसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा, पण त्याच्यावर विसंबू नका. बायॉस बदलला की बहुतेक बोर्डांवर ती प्रोफाइलं पुसली जातात. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्या फोटोंत पडद्यावर ट्यूबलाइटची चकाकी आणि माझाच अंगठा आहे, पण ३०००० स्पष्ट दिसतं.